ज्वारीच्या डब्यातील पैसे

सोलापूर,
६ एप्रिल २०२५

चि. अमृता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडवा झाल्यावर टपाल कार्यालयात जाऊन पीपीएफचे, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्याचे, पासबुक भरून आणले. ३१ मार्चचे वार्षिक व्याज जमा होऊन त्या खात्यात सव्वीस लाखांहून थोडी अधिक रक्कम झाली आहे, आणि तिच्यात म्युच्युअल फंडातील चोवीस लाख मिळवले तेव्हा आपल्या घरची बचत पन्नास लाखांच्या पुढे गेली. बेरीज मी तीनदा केली, मग तुझ्या आईकडून पडताळून घेतली, आणि त्यानंतरच हे पत्र लिहायला बसलो.

टॉवेल कारखान्यातील हिशेबनिसाच्या पगारातून एवढे कसे साठले, असे तू फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते. या रकमेत आपण प्रत्यक्ष भरलेले पैसे सुमारे अठरा लाखच आहेत. उरलेले व्याज आणि बाजारातील वाढ आहे, म्हणजे पंचवीस वर्षे त्या पैशाला हात न लावल्याचे फळ आहे.

त्याआधी मी भिशी लावत असे. दरमहा हजार रुपयांप्रमाणे बावीस हप्ते भरले आणि माझा नंबर लागायच्या आतच भिशी चालवणारा गाव सोडून गेला. बावीस हजारांवर पाणी सोडावे लागले, तेव्हा माझा पगार साडेसहा हजार होता. जून १९९९ मध्ये पीपीएफ खाते उघडले ते त्या धसक्याने. त्या वेळी त्यावर बारा टक्के व्याज मिळे. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ टक्के आहे.

या खात्याचा एक नियम तुला नीट कळला पाहिजे. महिन्याची पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाते; सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज नाही. माझा पगार सात तारखेला होई. म्हणून तुझी आई पगारातून नोटा काढून, रुमालात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात तळाशी ठेवत असे आणि पुढच्या महिन्याच्या तीन-चार तारखेला मी त्या घेऊन अशोक चौकातून सायकलने टपाल कार्यालयात जाई. मधले चार आठवडे ती रोज त्याच डब्यातून भाकरीसाठी ज्वारी काढायची. गॅस संपला, तुझी शाळेची फी आली, तुझ्या आजीला दवाखान्यात ठेवावे लागले, तरी तो रुमाल सुटला नाही. खाते माझ्या नावाचे आहे. पण मला विचारशील तर ही बचत तिची आहे.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो. २००६ पासून फंडात दरमहा तीन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्त्याची गुंतवणूक, होती. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांजवळ असलेला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ऑक्टोबरपर्यंत नऊ हजारांच्या खाली आला, तेव्हा मी घाबरून हप्ते अकरा महिने बंद ठेवले. ज्या महिन्यांत त्याच तीन हजारांत फंडाचे सर्वांत जास्त युनिट, म्हणजे हिस्से, मिळाले असते, नेमके तेच महिने मी गमावले, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स सव्वीस हजारांवर घसरला, कारखान्यातील माग बंद होते आणि पगार निम्मा मिळत होता. त्या वेळी आईने सांगितले की घरखर्च मी बघते, हप्ता चुकवू नका. हप्ता चुकला नाही.

आता गाडी घ्या, पुण्यात माझ्याजवळ एखादी खोली घ्या, हे तुझे म्हणणे मायेपोटी आहे, हे आम्ही दोघे जाणतो. तरी पीपीएफचे पैसे इतक्यात काढायचे नाहीत, असे ठरले आहे. पंधरा वर्षांनंतर हे खाते पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, मात्र पैसे भरत राहायचे असतील तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. २०१५ आणि २०२० नंतरचा हा तिसरा अर्ज मी शुक्रवारी दिला आणि त्याची पोच पासबुकात ठेवली आहे. दोन्ही ठिकाणी वारस म्हणून आईच्या नावाखाली तुझे नाव आहे. पासबुक आणि फंडाची कागदपत्रे कपाटात खालच्या खणात, निळ्या चादरीच्या घडीत आहेत. मे महिन्यात येशील तेव्हा माझ्याबरोबर बसून ती सर्व एकदा पाहून घे.

तुझे बाबा