खंड्या ओरडला होता, बाबा

२६ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण आहे, आणि ते आधीच सांगून टाकते, नाहीतर आई सगळं पत्र काळजी करत वाचेल.

जानेवारीत तुम्ही आठ दिवस इथे होतात. पाचव्या दिवशी सकाळी आपण तिघं तळ्यावर गेलो होतो. बाकाच्या एका टोकाला आई, मध्ये बाबा, दुसऱ्या टोकाला मी. धुकं नुकतंच विरत होतं. डावीकडून, पाणकणसांच्या मागून, लहान खंड्याची शिट्टी आली, पाठोपाठ आणखी एक. मी वळले, आई वळली. बाबा, तुम्ही समोरच बघत राहिलात. तेवढ्यात तो पाण्यालगत सरळ सुटला. ती निळी रेघ तुम्ही बरोबर पकडलीत आणि म्हणालात, "आज गडी गुपचूप गेला."

तो गुपचूप गेला नव्हता, बाबा.

मी काही बोलले नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं, तीही काही बोलली नाही. घरी परतताना तुम्ही म्हणालात की आता पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत, सकाळ मुकी झाली आहे. पक्षी खरंच कमी झालेत, त्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण त्या सकाळी माझ्या वहीत २७ जाती होत्या, आणि त्यातल्या सहा तरी मी आधी ऐकल्या, मग पाहिल्या. सकाळ मुकी नव्हती.

हे मी तुमच्यासमोर बसून सांगू शकले नाही. फोनवर सांगायला गेले असते तर अर्धे शब्द तुमच्यापर्यंत पोचलेच नसते. म्हणून हे पत्र.

तेव्हापासून मी बरंच वाचलं, कानाच्या एका डॉक्टरांशीही बोलले. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असं आपण शाळेत शिकतो, पण ते तरुण कानाचं माप आहे. वय वाढतं तसं वरचं टोक आधी झिजतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्या तोंडाजवळच्या केसपेशी उंच, बारीक आवाज टिपतात, आणि सगळ्यात आधी त्याच थकतात. खालच्या पट्टीतले आवाज आतल्या टोकाकडे टिपले जातात, तिकडच्या पेशी बराच काळ टिकतात. म्हणून त्या सकाळी राखी बगळ्याची खरखर तुम्हाला ऐकू आली, होल्याचं घुमणं ऐकू आलं, वारकरी पक्ष्यांची भांडणं तर छानच ऐकू आली. खंड्या, धोबी आणि तुतारी या पक्ष्यांचे बारीक आवाज मात्र वाटेतच हरवले. आणि ज्याचं त्याला हे समजणंही अवघड असतं. जो आवाज कानात शिरतच नाही, तो गेलाय हे कसं जाणवणार? पक्षीच गेले असं वाटणार.

फोनवर तुम्ही हल्ली "नीट बोल, पुटपुटू नकोस" म्हणता, तेही यातलंच. स, श, फ, थ या व्यंजनांचा जोर वरच्या पट्टीत असतो. ती गळली की शब्दाचे नुसते स्वर उरतात, आणि समोरचा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतोय असं वाटतं. मला या पुटपुटण्यावरून तुमचा राग यायचा. दोनदा मी फोन लवकर ठेवला होता, ते आठवलं की फार वाईट वाटतं.

आई, तुझा आवाजही गेल्या दोन-तीन वर्षांत चढलाय. मला वाटतं तुला सगळं आधीच कळलं आहे, आणि तू न बोलता त्यावर उपाय करून टाकलास. तू बाबांसाठी मोठ्यानं बोलायला लागलीस.

या वाचनात एक गोष्ट सापडली ती तुम्हा दोघांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कानातल्या या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या मात्र येतात! १९८०च्या दशकात कोंबडीच्या पिल्लांवर आणि लाव्यांवर प्रयोग करताना संशोधकांना हे आढळलं. मोठ्या आवाजानं मेलेल्या पेशींच्या जागी काही आठवड्यांत नव्या पेशी आल्या होत्या. म्हणजे तो खंड्या म्हातारा झाला तरी दुसऱ्या खंड्याची शिट्टी ऐकत राहील. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून होते.

आता तळ्याचं सांगते. तुम्ही गेल्यापासून मी जवळजवळ रोज जाते, उजाडायच्या थोडं आधी निघते, दीड तास तिथे असते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सगळं स्थिर होतं. २ तारखेला मी पूर्ण मोजणी केली. तो जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला होता. रामसरच्या यादीत जाण्याचे जे निकष आहेत त्यातला एक म्हणजे तिथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी हवेत. माझे भरले ३१२. तुम्ही शिकवलंत तसेच मोजले: आधी दहा नीट मोजायचे, दहाचा तो तुकडा डोळ्यात बसवायचा आणि मग थव्यावर तोच तुकडा पुढे पुढे सरकवत न्यायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळी बदकं एकदम उठली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजले. ३१२ पक्ष्यांची कुणी मोठी नोंद घेणार नाही, पण ३१२ जीव रोज सकाळी माझ्यासमोर असतात आणि मला त्यांची ओढ लागली आहे.

साधारण १२-१३ तारखेपासून पाण्यावरची हालचाल बदलली. नर बदकांचे रंग आता अगदी भरात आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी तेच मादीसारखे मळकट दिसतात, नवे सफाईदार पंख थंडीत येतात. तलवार बदकांचे चार-पाच नर एका मादीभोवती मान ताठ करून फिरतात, शेपटीची लांब पिसं उचलून धरतात. ती त्यांच्याकडे बघतही नाही, आणि एके दिवशी अचानक त्यातल्या एकाच्याच शेजारी दिसायला लागते. थापट्यांचं वेगळंच. त्यांची एक टोळी पाण्यावर गोल गोल फिरत असते, प्रत्येकाची ती फावड्यासारखी चोच पुढच्याच्या मागे पाण्यात बुडवलेली. पायांनी ढवळून वर आलेलं बारीकसारीक खाद्य ते गाळून घेतात. त्यांच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे शंभराहून जास्त दाते असतात. परवा ३० थापटे एकाच चक्रात फिरत होते, आणि मी वेळ बघायची विसरले.

आई, तुला हे आवडेल. बदकांच्या जोड्या बहुतेक वेळा थंडीच्या मुक्कामातच जमतात. मग वसंतात मादी जिथे ती स्वतः जन्मली त्या भागाकडे परत जाते, आणि नर तिच्या मागून जातो. त्याचा जन्म भलत्याच कुठल्या तरी तळ्यावर झालेला असतो, तरी तो तिच्या माहेरी जातो. दरवर्षी. हे कळल्यापासून मी जोड्यांकडे बघते तेव्हा आधी मादीकडे बघते. वाट तिला माहीत आहे.

निघायची वेळ त्यांना कशी कळते, हे तुम्ही मला लहानपणी विचारलं होतंत आणि मी "ऊन लागतं म्हणून" असं उत्तर दिलं होतं. तुम्ही ते चूक आहे म्हणाला नाहीत, "बघू" म्हणालात. आता खरं उत्तर सांगते. १९२०च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी जुंको नावाचे लहान पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. थंडी होती तशीच होती, पण त्या पक्ष्यांच्या शरीरात विणीच्या हंगामाचे बदल सुरू झाले. दिवसाची लांबी हेच त्यांचं पहिलं घड्याळ. एवढं शोधून काढायला मला तीस वर्षं लागली, बाबा, पण तुमचं "बघू" मी विसरले नव्हते.

सध्या बदकं दिवसभर खातात, पोटाखाली चरबी साठवतात, आणि संध्याकाळी उगीचच उठून तळ्यावर एक फेरी मारून परत बसतात. दुपारी मात्र झोप. त्यातही गंमत आहे: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की रांगेच्या कडेला झोपलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा असतो. मधल्यांना मात्र दोन्ही डोळे मिटता येतात. जानेवारीत बाकावर तुम्हाला मध्ये बसवून आम्ही दोघी कडेला बसलो होतो, ते हे वाचताना आठवलं.

आई, तुझ्या वहीची पद्धत मी आता उचलली आहे. लहानपणी मला कळायचं नाही की तू धोब्याच्या नावापुढे रोज "आहे", "आहे", "आहे" असं का लिहितेस. पहिल्यांदा आला तो दिवस लिहावा आणि शेवटचा दिसला तो लिहावा, झालं. आता कळतं. आलेला दिवस त्याच दिवशी कळतो. शेवटचा दिवस तो उलटून गेल्यावरच कळतो. रोज "आहे" लिहिलं नसेल तर तो हातचा जातो. आज माझ्या वहीत धोब्यापुढे "आहे" आहे. त्याच्या गळ्यावर काळा रंग चढायला लागलाय, म्हणजे फार दिवस नाहीत. शेंडी बदकं ५८ वरून ४१ वर आली आहेत. उरलेली कुठल्या रात्री उठतील सांगता येत नाही. बहुतेक वेळा ती रात्रीच जातात, आणि सकाळी पाणी मोठं झाल्यासारखं दिसतं.

म्हणून माझं मागणं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघंही या. कानाच्या डॉक्टरांकडे मी ५ तारखेची वेळ घेतली आहे. तपासणी म्हणजे फक्त एका बंद खोलीत बसून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. त्यातून आलेख मिळतो, आणि यंत्र लावायचं ठरलं तर त्या आलेखाप्रमाणे जे कमी पडतंय तेवढंच वाढवून देतात. डॉक्टरांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की कान पूर्वीसारखा होणार नाही, आणि सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा, कागदाचा आवाजसुद्धा बोचतो. मेंदूला ते आवाज नव्यानं ओळखावे लागतात. तेव्हा एका दिवसात काढून कपाटात ठेवायचं नाही, एवढं वचन मला हवं आहे.

दुर्बीण आणू नका. तुमच्या १०×५०नं दहापट दिसतं, पण हाताची थरथरही दहापट दिसते, आणि जानेवारीत तुम्ही ती दर दोन मिनिटांनी मांडीवर ठेवत होतात. मी ८×४२ची घेऊन ठेवली आहे. वजनाला हलकी, चित्र स्थिर आणि जास्त रुंद. जुनी मी जपून ठेवेन. तिच्या पट्ट्यावर अजून माझ्या दातांच्या खुणा आहेत. आई, वही मात्र नक्की आण.

तुम्ही मला आठ वर्षांची असताना डोळे मिटायला लावायचात. "बघू नको. आवाज कुठून येतो तिकडे बोट कर." मी बोट करायची, मग डोळे उघडायचे, आणि पक्षी तिथेच असायचा. मला जे काही ऐकू येतं ते त्या खेळातून आलेलं आहे. तळ्यावर इतर लोक दुर्बीण लावून शोधत असतात तेव्हा मी आधी डोळे मिटते.

आता ५ तारखेनंतर सगळं जुळायला वेळ लागेल, यंत्र हातात यायलाही लागेल. तोवर आपण बाकावर असेच बसू, तुम्ही मध्ये. खंड्या ओरडला की मी तुमच्या मनगटावर बोट टेकवेन. डावीकडे असला तर एकदा, उजवीकडे असला तर दोनदा. तुम्ही तिकडे बघा, तो येईलच.

तुमची लेक

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी पुन्हा जाऊन आले. शेंडी बदकं ३९. धोबी आहे.