शकिरा म्हणजे फक्त वाका वाका नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला कोलंबियन गायिका शकिरावरचा लेख वाचला, छान होता पण सगळा भर वाका वाका या फुटबॉल वर्ल्ड कपच्या गाण्यावर आणि डान्सवरच, अहो ती गाणी स्वतः लिहिते हे तुम्ही एका ओळीत उरकलंत! तिचा १९९८ चा 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस' (म्हणजे 'चोर कुठे आहेत?') हा स्पॅनिश अल्बम ऐकाच. बोगोटा एअरपोर्टवर नव्या गाण्यांचे कागद असलेली तिची बॅग चोरीला गेली, तर बाईंनी त्या चोरांनाच अल्बमच्या नावात बसवलं. त्यातल्या 'सिएगा, सोर्दोमुदा' या गाण्यामध्ये मेक्सिकन थाटाचे ट्रम्पेट आणि 'ओहोस आसी'मध्ये चक्क अरबी ओळी, वडिलांकडून लेबनीज ना ती. मला तर नंतरच्या इंग्लिश गाण्यांपेक्षा हेच जास्त आवडतं. पुढच्या वेळी यावर लिहा की जरा.
- एक वाचक, सांगली