विणकामाच्या कृतीही मराठीत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाककृती नेमाने येतात. त्यांच्या शेजारी विणकामाच्या कृतींनाही जागा द्यावी, आणि त्या आपल्या शब्दांत द्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची बोटं संधिवातानं वाकली आहेत. ४० वर्षांपूर्वी क्रोशाची सुई माझ्या हातात त्यांनीच दिली. आता त्यांना ती धरवत नाही, म्हणून उरलेल्या लोकरीची पिशवी त्यांनी माझ्याकडे सोपवली. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, चिंतामणी, रंगांचे छोटे छोटे गुंडे, सगळे मिळून ३६० ग्रॅम. त्यांच्याच लोकरीची त्यांना शाल करायची मी ठरवलं. एका कोपऱ्यात सुरू होऊन समोरच्या कोपऱ्यात संपणारी, तिरप्या पट्ट्यांची.

सहा साखळ्या घालायच्या, सुईपासूनच्या चौथ्या साखळीत एक खांब (सुईवर धागा घेऊन घातलेला उंच टाका) आणि पुढच्या दोन साखळ्यांत एकेक. झालं एक चौकोनी घर. काम उलटून पुन्हा तसंच घर करायचं, मग आधीच्या घराच्या तीन साखळ्यांच्या फटीत स्लिप स्टिचनं, म्हणजे नुसता धागा ओढून घेणाऱ्या टाक्यानं, अडकवून तिथेच तीन साखळ्या आणि तीन खांब. पहिल्या ओळीत एक घर, दुसऱ्या ओळीत दोन, दहाव्या ओळीत दहा. माझी २६ घरं झाली तेव्हा रुंदी २० इंच भरली. तिथून एका कडेला घर वाढवायचं आणि दुसऱ्या कडेला सोडायचं, म्हणजे रुंदी तेवढीच राहून लांबी वाढत जाते.

उरलेल्या लोकरीसाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही. २६ घरांपर्यंत वाढत गेलेला पहिला त्रिकोण पुरा झाला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेले गुंडे वजन केले. ६० ग्रॅम लोकर लागली होती. घरं कमी करत समोरच्या कोपऱ्यात संपणाऱ्या शेवटच्या त्रिकोणालाही तेवढीच लागणार, म्हणून ६० ग्रॅम बाजूला काढून ठेवली आणि बाकीची निर्धास्तपणे विणली. शाल भरली जवळपास पाच फूट. शेवटच्या कोपऱ्यावर हातात वीतभर धागा उरला, तेव्हा झालेला आनंद विणणाऱ्या बाईलाच कळेल.

पण सुरुवातीला ११ ओळी उसवाव्या लागल्या. मी इंग्रजी कृती बघून विणत होते आणि त्यात ‘डबल क्रोशे’ लिहिलं होतं. आमच्या जुन्या पुस्तकांतली भाषा ब्रिटिश, तिथे डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, खांबाहून बुटका टाका. अमेरिकी कृतीत त्याच शब्दाचा अर्थ आपला पूर्ण खांब, ज्याला ब्रिटिश पुस्तकं ट्रेबल म्हणतात. मी निमूटपणे मुके खांब घालत गेले. घरं बुटकी आणि घट्ट झाली, साखळ्यांच्या बाजूनं फुगली. जाऊबाईंनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, हे खांब नाहीत, मुके घातलेस तू.”

मला सांगायला घरात जाऊबाई होत्या. नव्यानं सुई हातात घेणाऱ्या मुलीला कोण सांगणार? तिला वाटेल आपल्याला जमतच नाही, आणि ती सुई ठेवून देईल. साखळी, खांब, मुका खांब हे शब्द आपल्या आज्या-आत्यांनी मोजत-मोजत वापरले आहेत. त्यांत कुठल्याच देशाचा घोटाळा नाही. छापून आले तर टिकतील, आणि रंगांची नावंही टिकतील. ‘आमसुली’ म्हटल्यावर लोकरीच्या दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला, त्याचं मला वाईट वाटलं.

या शालीची कृती मी मराठीत लिहून काढली आहे. चौकड्यांच्या कागदावर आराखडाही काढला आहे, एक चौकोन म्हणजे एक घर. पुरवणीत चार बोटं जागा देत असाल तर लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)