‘साम्य २ टक्के’, पण यंत्राने वाचले काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीत लिहिलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात पहिल्या काही पानांत हल्ली एक प्रमाणपत्र हमखास असते : ‘संगणकीय तपासणीत साम्य २ टक्के आढळले.’ म्हणजे प्रबंधातला इतकाच मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो. खाली विद्यार्थ्याची सही, गाइडची सही, ग्रंथालयाचा शिक्का. बाहेरून आलेले परीक्षक ते पान उलटून पुढे जातात. इंग्रजी प्रबंध १० टक्क्यांच्या आत आणताना विद्यार्थ्यांची दमछाक होते आणि मराठी प्रबंध मात्र सहज दोन-तीन टक्क्यांवर उतरतात. मराठीतले संशोधक जास्त प्रामाणिक आहेत असे यावरून म्हणता आले असते तर बरे झाले असते. पुष्कळदा खरे कारण असते ते फॉन्ट.

आजही बरेच प्रबंध डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ किंवा कृतिदेवमध्ये टंकले जातात. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या ठरलेल्या संकेतांकांची सर्वमान्य पद्धत, पाळत नाहीत. पडद्यावर आणि कागदावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेतांक साठलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टंकले की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. साम्यता तपासणारी प्रणाली चित्र पाहत नाही, संकेतांक वाचते. तिच्या लेखी तो तीनशे पानांचा प्रबंध म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची माळ. तशी माळ इंटरनेटवर कुठेच नसते, म्हणून साम्य शून्याच्या आसपास येते. दोन प्रबंध योगायोगाने एकाच जुन्या फॉन्टमध्ये असतील आणि दोन्ही प्रणालीच्या संग्रहात असतील, तरच काही जुळेल.

युनिकोडमध्ये टंकले म्हणजे सुटलो, असेही नाही. वर्ड फाइलची पीडीएफ ‘प्रिंट’चा पर्याय वापरून केली तर आतला मजकूर कधी कधी मोडतो : जोडाक्षरे गळतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, ‘विद्यापीठ’चे ‘िवद्यापीठ’ होते. माणूस ते पान बिनदिक्कत वाचतो, यंत्राला मात्र तो शब्द दुसराच वाटतो. स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर शब्दच नसतात, नुसती चित्रे असतात.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तपासणीला आलेली पीडीएफ उघडावी, सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणचा एकेक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. मराठी जशीच्या तशी उतरली तर पुढे जावे, रोमन गिचमीड आली किंवा काहीच आले नाही तर तपासणी न करता फाइल परत द्यावी. दुसरी खूण प्रणालीच्या अहवालातच असते. दीड ओळीच्या अंतराने टंकलेल्या मराठी पानावर साधारण २५० ते ३०० शब्द मावतात, म्हणजे ३०० पानांच्या प्रबंधात ७५ ते ९० हजार शब्द हवेत. अहवालात शब्दसंख्या चार-पाच हजार दिसली तर यंत्राला पाने वाचताच आलेली नाहीत. जुन्या फॉन्टच्या बाबतीत मात्र ही दुसरी खूण फसवते, कारण शब्दांमधली मोकळी जागा शाबूत असते आणि आकडा बरोबर येतो. तिथे नोटपॅडच हवा. जुना मजकूर परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) युनिकोडमध्ये नेता येतो, पण रफार आणि अर्धी अक्षरे हमखास बिघडतात, म्हणून बदललेला मजकूर एकदा नजरेखालून घालावा लागतो. यावर सोपा उपाय एकच : तपासणीसाठी पीडीएफ न घेता युनिकोडमधली मूळ वर्ड फाइल घ्यावी.

आता टक्क्यांबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड सांगत नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करणे, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादरीकरणास बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द, अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण ८० हजार शब्दांच्या प्रबंधात १० टक्के म्हणजे ८ हजार शब्द, जवळजवळ तीस पाने, एक अख्खे प्रकरण. ते एकाच पुस्तकातून उचललेले असले तरी आकडा ‘मर्यादेत’ असतो. त्याच नियमावलीत सारांश, गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी या भागांत साम्य नसावे अशी अपेक्षा आहे, आणि तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते. म्हणून एकूण आकड्याआधी अहवालातली स्रोतांची यादी पाहावी. नव्वद स्रोतांशी प्रत्येकी ०.१ टक्का मिळून झालेले ९ टक्के आणि एकाच स्रोताशी ९ टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नियमावलीत सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य किंवा योगायोगाचे साम्य सोडून देण्याची तरतूद आहे. इंग्रजीसाठी ती ठीक असेल. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘गावातल्या शाळेतल्या मुलांसाठी’ हे तीन शब्द, हेच इंग्रजीत सांगायला आठ-नऊ लागतात. म्हणजे मराठीतले १४ शब्द हे सहसा एक पूर्ण, भरगच्च वाक्य असते आणि ते वाक्य अलगद सुटते. शिवाय ‘विद्यापीठाने’चे ‘विद्यापीठाकडून’ केले की जुळणाऱ्या शब्दांची साखळी तिथेच तुटते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका कीबोर्डवरून टंकलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या कीबोर्डवरच्या ‘दुसऱ्या’शी जुळेलच असे नाही. मराठी मजकुरासाठी ही मर्यादा आठ शब्दांवर आणावी असे आमचे मत आहे. त्याने काही निरुपद्रवी वाक्ये जास्त पकडली जातील. ती डोळ्यांनी पाहून सोडता येतात.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तिथे प्रामाणिक विद्यार्थी भरडले जातात. ज्ञानेश्वरीवरच्या किंवा अभंगांवरच्या प्रबंधात शेकडो ओव्या उद्धृत होणारच. अवतरणे वगळण्याची सोय प्रणालीत असते, पण ती सहसा दुहेरी अवतरणचिन्ह ओळखते. मराठीत आपण एकेरी चिन्ह सर्रास वापरतो आणि ओवी तर नुसती ओळ सोडून, आत सरकवून छापतो. मग साम्य २५ टक्के येते आणि घाबरलेला विद्यार्थी ओव्याच कमी करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांचे गद्यात रूपांतर करतो. कायद्याच्या प्रबंधातील कलमांचेही तेच होते. इथे प्रबंधात बदल करायचे कारण नाही. अहवालावर ‘इतके साम्य मूळ संहितेच्या अवतरणांचे’ अशी पानवार नोंद करून गाइडने सही करावी, एवढे पुरते.

‘साम्य कमी करून मिळेल’ हा धंदा काय करतो तेही परीक्षकांना ठाऊक हवे. शब्दांच्या मध्ये पांढऱ्या रंगात ठिपके किंवा अक्षरे पेरतात, अक्षरांमध्ये न दिसणारी शून्य-रुंदीची चिन्हे घालतात, अडचणीचे परिच्छेद चित्र म्हणून चिकटवतात. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून रंग काळा केला की पांढरे ठिपके बाहेर येतात. अदृश्य चिन्हे शोधा-बदला करून मोजता येतात. मराठीत अशी काही चिन्हे रीतसरही येतात, पण पानामागे शेकडोंनी नाही. चित्र केलेल्या परिच्छेदात कर्सर शिरत नाही. आणखी एक वाट ग्रंथालयातूनच जाते : अहवालातील स्रोत एकेक करून ‘वगळा’ केले की टक्के हवे तितके उतरतात. ‘जरा ॲडजस्ट करून द्या’ असा फोन आला की कनिष्ठ कर्मचारी किती वेळ टिकणार? म्हणून अहवालावर दोन आकडे छापावेत, काहीही न वगळता आलेला आणि वगळल्यानंतरचा. सोबत वगळलेल्या स्रोतांची यादी, तपासणीची तारीख, शब्दसंख्या आणि किमान किती सलग शब्द जुळल्यावर साम्य धरले ती मर्यादा यावी. विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रसिद्ध झालेला लेख वगळणे रास्त आहे, बाकीच्याचे कारण लिहावे.

एवढे करूनही यंत्राला जे मुळातच दिसत नाही ते उरतेच. २०१९पासून ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून इन्फ्लिबनेटने (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या आयोगाच्या केंद्राने) विद्यापीठांना तपासणीची प्रणाली पुरवली, आधी उरकुंड आणि नंतर ड्रिलबिट. पण प्रणाली तुलना करणार ती डिजिटल मजकुराशी. मराठी समीक्षेची, इतिहासाची, समाजशास्त्राची बहुतांश पुस्तके अजून कागदावरच आहेत, आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले कित्येक जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेले आहेत. १९७०च्या दशकातल्या पुस्तकातून दहा पाने उतरवली तर यंत्र गप्प राहील. विश्वकोशातून किंवा विकिपीडियातून उचलणारा मात्र सापडेल. इंग्रजी किंवा हिंदी प्रबंधाचे यंत्राने केलेले मराठी भाषांतरही सहसा निसटते.

ते पकडायला विषय जाणणारा माणूसच लागतो, आणि खुणा फार अवघड नसतात. फ्रेंच विचारवंत ‘मिशेल फूको’ ऐवजी ‘मायकेल फौकॉल्ट’ दिसला तर लेखकाने मराठीतले काही वाचलेले नाही. ‘एवं’, ‘शोधकार्य’, ‘के अनुसार’चा वास असलेली वाक्ये हिंदीकडे बोट दाखवतात. मजकुरात ‘तक्ता ४.७ पाहा’ म्हटले आहे आणि तक्ते ४.५ला संपतात. नोंदणी २०१९ची आणि संदर्भसूचीतला सर्वांत नवा संदर्भ २००८चा. शिक्षणशास्त्रातल्या सर्वेक्षणांत साधे अंकगणितही पुरते : उत्तरे देणारे ३० असतील तर एक जण म्हणजे ३.३३ टक्के, तिथे ‘४२ टक्के शिक्षकांनी होकार दिला’ असे येऊच शकत नाही. २५ जणांनी १ ते ५ असे पूर्णांकात गुण दिले असतील तर सरासरी ०.०४च्या पटीतच येणार, ३.४७ कशी येईल? असे दोन-तीन आकडे दिसले की भरलेल्या मूळ प्रश्नावल्या मागवाव्यात. त्या नाहीत असे उत्तर आले तर व्हायवा (तोंडी परीक्षा) पुढे ढकलावा.

नियमावलीप्रमाणे ‘हे काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे’ असे प्रमाणपत्र गाइडने द्यायचे असते, ग्रंथपालाने नाही. ग्रंथालय फक्त साम्य मोजून देते. प्रत्यक्षात ग्रंथालयाचा शिक्का हीच ढाल होते आणि गाइडची सही औपचारिकता. विद्यापीठांनी एवढेच करावे की पूर्ण अहवाल, रंगीत खुणांसह, प्रबंधाबरोबर बाहेरच्या परीक्षकांना पाठवावा आणि पदवीनंतर प्रबंधाच्या प्रतीसोबत ठेवावा. नुसत्या प्रमाणपत्राचे पान बंद करावे. याला नवा खर्च नाही, कारण अहवाल तयार झालेलाच असतो.

पदवी मिळाली म्हणजे विषय संपला, असेही नियम म्हणत नाही. नंतर चौर्य सिद्ध झाले तर पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवता येते. ज्यांना अशी तक्रार करायची आहे त्यांनी टक्के लिहू नयेत. दोन रकान्यांचा तक्ता करावा : एकीकडे मूळ पुस्तकाचे पान, ओळ आणि मजकूर, दुसरीकडे प्रबंधाचे पान, ओळ आणि मजकूर. सोबत मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या प्रकाशन-तपशिलाच्या पानाची छायाप्रत जोडावी. सलग दहा उतारे पुरतात, शंभर गोळा करत बसू नये. अर्ज विभागीय समितीकडे जातो. तिच्यात विभागप्रमुखाशिवाय विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक असावा लागतो. समितीला ४५ दिवस आणि तिच्या अहवालानंतर संस्थास्तरीय समितीला आणखी ४५ दिवस मिळतात. विभागप्रमुखच गाइड असेल तर ते अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि प्रत थेट कुलगुरूंना द्यावी. नव्वद दिवसांनंतरही काही कळले नाही, तर शासकीय विद्यापीठाकडे माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागाव्यात : समितीच्या बैठकांच्या तारखा आणि अहवाल सादर झाल्याची तारीख.

आपले,
विद्यापीठ ग्रंथालयांत साम्यता तपासणीचे काम करणारे काही जण, पुणे
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत)