‘आपटलेले’ विमान आणि निसरडी धावपट्टी

संपादक महोदय,

हिवाळा लागला की अमेरिका-युरोपात बर्फामुळे धावपट्टीबाहेर गेलेल्या विमानांचे फोटो छापून येतात आणि मथळा ठरलेला असतो : ब्रेक न लागल्याने विमान घसरले. ब्रेक बहुतेक वेळा लागलेले असतात. चाकाखाली पकड नसते, किंवा चाकावर वजनच आलेले नसते. हे दुसरे कारण बातमीत कधी येत नाही, म्हणून हे पत्र.

टेकताना जेट विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. पंख अजून विमान उचलून धरत असतात, त्यामुळे चाके जमिनीला लागली तरी भार पंखांवरच. पंखांच्या पाठीवरच्या फळ्या, म्हणजे स्पॉयलर, उभ्या राहिल्या की ही उचल मोडते आणि ब्रेकला जोर येतो. पण फळ्या आपोआप उघडायला यंत्रणेला खूण पटावी लागते : चाके फिरू लागली, किंवा चाकांवरचे दांडे दबले. पाण्याच्या थरावर विमान अलगद टेकवले तर दोन्ही खुणा उशिरा मिळतात. 14 सप्टेंबर 1993 रोजी वॉर्सात लुफ्थांसाच्या एअरबस ए-320 चे नेमके हेच झाले. दिवस थंडीचे नव्हते, पावसाचे होते, गणित तेच. उजवे चाक आधी टेकले, डावे नऊ सेकंदांनी. तोवर 2800 मीटरच्या धावपट्टीपैकी दीड हजार मीटर मागे पडले होते. त्यात पाठीमागून वारा. दोघांचा जीव गेला.

म्हणून नागपूरला पावसात उतरताना दणका बसला की ‘पायलटने आपटलेच’ म्हणू नये. ओल्या पट्टीवर तसेच टेकवायचे असते. मऊ उतरण्याच्या नादात विमान हवेत तरंगत ठेवले, तर दर सेकंदाला सत्तर मीटर पट्टी वाया जाते.

आता पकडीचे. आपल्याकडच्या काळ्या मातीत धो-धो पावसापेक्षा भुरभुर वाईट, वरचा पापुद्रा साबणासारखा होतो. बर्फाचेही तसेच आहे. उणे 15 अंशांखालचा दाबून घट्ट झालेला बर्फ बरा. शून्याच्या आसपासचा, वरून पाणी सुटलेला बर्फ सर्वांत घातक. 4 नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पट्टीचे तीन सारखे भाग करून प्रत्येक भागाला वेगळा अंक देतात : कोरडी 6, ओली 5, तो घट्ट बर्फ 4, नुसता गोठलेला बर्फ 1, पाणी सुटलेला 0. शून्य असेल तर उतरायचे नाही.

पाणी साचले असेल तर टायर त्यावर तरंगतो. टायरमधल्या हवेच्या दाबाचे (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमूळ काढून नऊने गुणा, तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. दाब 200 असेल तर सुमारे 127 नॉट, म्हणजे ताशी 235 किलोमीटर. टेकण्याचा वेग याहून जास्तच असतो.

शिकागोच्या मिडवे विमानतळावर 8 डिसेंबर 2005 रोजी साउथवेस्टचे बोइंग 737 बर्फात उतरले. वारा पाठीचा होता आणि इंजिनाचा झोत पुढे वळवणारे रिव्हर्सर टेकल्यावर तब्बल 18 सेकंदांनी उघडले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले, मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला. निसरड्या पट्टीवर सुरुवातीच्या वेगात रिव्हर्सरच जास्त कामाचे असतात. ते उशिरा उघडले की गेलेले अंतर भरून निघत नाही.

आडव्या वाऱ्यात मात्र हेच रिव्हर्सर अंगावर उलटतात. नाक वाऱ्याकडे वळलेले असेल तर त्यांचा जोर विमानाला पट्टीच्या कडेला ओढतो. तेव्हा रिव्हर्सरचा जोर अगदी कमी करायचा, ब्रेक सोडायचे, नाक मध्यरेषेवर आणायचे आणि मग पुन्हा सुरुवात. घाबरलेल्या हाताला हे सुचणे अवघड, म्हणून सरावात घोटून घेतात. शेपटीजवळ इंजिने असलेल्या विमानात जास्त रिव्हर्सर दिला तर सुकाणूला वाराच मिळत नाही. न्यूयॉर्कच्या लागार्डियावर 5 मार्च 2015 रोजी डेल्टाचे एमडी-88 असेच डावीकडे निसटले.

बर्फ विदर्भात पडत नाही, पण टेकण्याच्या जागी टायरचे जळके रबर साचते आणि त्यावर दव किंवा अवकाळीचा शिडकावा पडला की पट्टी बुळबुळीत होते. ते रबर जोरदार दाबाच्या पाण्याने खरवडून काढावे लागते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची पट्टी 1850 मीटर आहे. तिथे येणाऱ्या एटीआर या पंख्याच्या विमानाला पात्यांचा कोन उलटा करून वेग मोडता येतो, म्हणून ती पुरते. तरी लांब टेकायला सवड नाही.

पुढच्या बातमीत आपल्या वार्ताहराने एवढे विचारावे : विमान पट्टीच्या सुरुवातीपासून किती मीटरवर टेकले, पाठीचा वारा किती होता, पट्टीचा अंक काय कळवला होता आणि रबर शेवटचे कधी काढले.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)