जिंजीला, तुमच्याशिवाय

घोडबंदर रोड, ठाणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "जा गं, आमचं काय" म्हणाली असतीस आणि मला दिवसभर काही सुचलं नसतं. म्हणून लिहिते. पुद्दुचेरीची तिकिटं काढली. आमची तिघांचीच.

बाबा, रागावू नका. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्या बातमीचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय आणि जिंजीखाली लाल पेनाने दोन रेघा आहेत, हे मला माहीत आहे. पण जिंजीचा राजगिरी डोंगर म्हणजे आठशे फुटांची चढण. अँजिओप्लास्टीला चारच महिने झालेत. नौपाड्यातले दोन जिने चढताना तुम्ही मधेच सोसायटीची नोटीस वाचायला थांबता. रोज तीच नोटीस. मी बघते, बोलत नाही.

पुद्दुचेरीचं फ्रेंचांच्या वेळचं गाव सपाट आहे. समुद्राकाठचा रस्ता, पिवळ्या भिंती, बोगनवेल. तिथे तुम्ही मजेत फिरला असता, कबूल. पण जिंजी तिथून सत्तर किलोमीटर. राजाराम महाराज राहिले त्या गडाच्या पायथ्याशी गाडीत बसून राहणारे तुम्ही नव्हे! ती गोष्ट सांगत मला दुधीची भाजी भरवायचात. झुल्फिकारखानाचा वेढा आठ वर्षं चालायचा, तेवढ्यात ताटली रिकामी. आता लेकाला ती गडावर बसून सांगणार आहे, दुधीशिवाय.

आई, चिदंबरमला तुझ्या नावाने अभिषेक सांगते. तिथे नटराजाशेजारी एक पडदा आहे, तो सरकवला की आत मूर्ती नाही. सोन्याच्या बेलपानांच्या माळा आणि मोकळी जागा. शंकराचं आकाशरूप ते. तू म्हणशील, एवढं लांब जाऊन हेच बघितलंत?

सहा दिवस डबा सांगितलाय, मीठ कमी. तुझ्या पोळ्यांना नावं ठेवत नाहीये, फक्त ओट्यापाशी उभी राहू नकोस. बाबा, तलावपाळीला एकच फेरी, तीही ऊन उतरल्यावर. रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. वारांची डबी मी भरून ठेवते. फोन रात्री उशाशी, टीव्हीवर नाही. किल्लीचा एक जोड शेजारच्या काकूंकडे.

गडावर काय काय बघायचं ते कागदावर लिहून ठेवा. बुधवारी न्यायला येते. आणि आई, बरोबर द्यायला म्हणून तळणीला बसू नकोस. बसलीसच, तर खारे शंकरपाळे.

तुमची,
चिऊ