मंत्रीसाहेब, शंभर टक्के माफीतले 41 हजार 500 आम्ही भरले

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय, स.न.वि.वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, फॉर्म भरायची आहे. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे सरकारची कुठलीही योजना आली की गावाआधी मला कळते. 8 जुलै 2024 चा जीआर आला, की ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी निम्मी होती. मी त्याची प्रिंट काढून दुकानाच्या काचेला चिकटवली, पेढे तेवढे वाटायचे राहिले. त्याच वर्षी माझी पोरगी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून, इंजिनिअरिंगला लागली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, पप्पा हॉल तिकीट देत नाहीयेत. गेलो. अकाउंटच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, शासनाकडून फी आली नाही, 41 हजार 500 भरा, शासनाचे आले की तुमचे परत देऊ. म्हटलं असं लेखी द्या. तर हसला. आणि पोर्टलवर आमचा अर्ज सात महिने झाले 'अंडर स्क्रुटिनी', म्हणजे तपासणीतच, मी स्वतः भरलेला, एक कागद कमी नाही, नॉन क्रीमीलेयर सकट. लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्याचीच ही गत, तर वाडीवरच्या बापाने काय करायचं?

बायकोचं गंठण पतपेढीत नेलं. तिथल्या माणसाने दोरा कापला, काळे मणी वेगळे केले, फक्त सोनं काट्यावर ठेवलं, आणि मणी कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिले. घर येईपर्यंत ती पुडी तिच्या मुठीत होती, एक शब्द बोलली नाही. तिच्याच खात्यात लाडक्या बहिणीचे 1500 येतात बरं का. हिशोब केला, सव्वादोन वर्षांचे हप्ते एका खिडकीवर गेले. भाऊरायाचे आभार.

रात्री मेव्हणा म्हणाला, कशाला शिकवताय दाजी. त्याचा पोरगा आयटीआय वायरमन, सोलर पंप बसवणाऱ्या ठेकेदाराकडे आहे, महिन्याला 22 हजार घरी आणतो. मी काही बोललो नाही कारण बोलायला तोंडच नव्हतं. मी बी.कॉम. आहे साहेब, 2001 चा, सेकंड क्लास, आणि पाच रुपये पानाने प्रिंट काढतो.

आणि माझ्या दुकानात जे येतात ते बघा. 2024 च्या पोलीस भरतीला 17 हजार 471 जागा आणि अर्ज 17 लाखांच्या वर. शिपायाला बारावी लागते हो, पण माझ्यासमोरच्या स्टुलावर बीएस्सी, एमबीए, इंजिनिअर बसले होते. त्याच्या आदल्या वर्षी तलाठी भरती, साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज, फी ओपनला हजार आणि बाकीच्यांना नऊशे, गुणाकार तुम्हीच करा, शंभर कोटीच्या आगेमागे येईल. बेरोजगारांकडून एवढी कमाई तर सावकारानेही केली नसेल. हमारे यहां सब मिलेगा टाईप बोर्ड लावून मीही त्यावर पन्नास पन्नास रुपये कमावले, खोटं कशाला बोलू. आमच्या इथल्या सीनियर कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर, नेट झालेले, पीएचडी झालेले, तेही स्टुलावर येऊन बसतात, दुकानात गर्दी नसेल तेव्हा.

2024 चा इंडिया एम्प्लॉयमेंट रिपोर्ट म्हणतो, तरुण पदवीधरांत 29 टक्के बेकार आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. अडाण्याला रिकामं बसणं परवडत नाही हेही खरंच, पण मग आम्ही पोरांना काय सांगायचं? तुमच्या सरकारनेच भाव ठरवून दिलाय म्हणा, युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिन्याचं विद्यावेतन बारावीला 6 हजार, आयटीआयला 8, पदवीधराला 10. म्हणजे बारावीनंतरच्या अख्ख्या कॉलेजची किंमत महिन्याला 4 हजार, तीही काही महिन्यांपुरती.

1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आपली पोरं कर्नाटकात जाऊन पैसे ओततात ते थांबावं म्हणून. दादांचा हेतू चांगलाच असेल. पण पुढे शिक्षणमहर्षी कोण झाले, कारखाना, बँक, कॉलेज आणि तिकीट एकाच घरात कसं गेलं, हे तुमच्या विधानभवनात मान फिरवून बघितलं तरी दिसेल. भाषणात मात्र आम्हाला सांगायचं की डिग्रीच्या मागे लागू नका, स्किल शिका. मान्य आहे. आधी तुमच्यापैकी कोणाच्या पोराला वायरमनच्या ट्रेडला घाला, फॉर्म मी फुकट भरतो.

तरी पोरीला मी काढणार नाही. मेव्हण्याच्या पोराला कोणी विचारत नाही लग्न कधी, माझ्या पोरीला दहावीपासून विचारतायत. कॉलेज आहे म्हणून ती चार वर्षं सुटलीये, नोकरीचं पुढे बघू. हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

मागणी एकच, शासनाची फी आली नाही म्हणून मुलीचं हॉल तिकीट, मार्कशीट, टीसी अडवायची नाही, आणि अडवली तर कोणाला फोन करायचा तो नंबर जाहीर करा, उचलला जाणारा. आमचे 41 हजार 500 कधी येतील तेही कळवा, गंठणाचं व्याज दर महिन्याला चालू आहे.

थांबतो, गिऱ्हाईक आलंय. बी.ए. आहे, पोलीस भरतीचं विचारतोय.

आपला,
एक बी.कॉम. बाप

ता.क. काचेवरचा जीआर अजून काढला नाही. उन्हाने अक्षरं उडालीत, '100 टक्के' तेवढं वाचता येतं.